दम लागतोय, पण कुणामुळे? फुफ्फुस, हृदय आणि एक रक्ततपासणी

आजचा भाग जरा वेगळा आहे. आज मी माझ्या आजीबद्दल बोलणार आहे. आणि एका रक्ततपासणीबद्दल, जिचं नाव दोन वर्षांपूर्वी मला धड उच्चारताही येत नव्हतं.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाहीये. बी.टेक. केलंय, हिंजवडीत कोड लिहितो. त्यामुळे मी सांगतोय ते ऐकून गोळ्या चालू किंवा बंद करायच्या नाहीत. पण घरात कुणाला जुना दमा किंवा सीओपीडी असेल, तर आजचा भाग शेवटपर्यंत ऐका. कारण मी जी चूक केली, ती तुम्हीही सहज करू शकता. खूप सोपी चूक आहे ती.

तर, माझी आजी. वय ७१. गाव कराडच्या जवळ. आयुष्यात विडीला हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या. धुराडं नसलेलं स्वयंपाकघर, पावसाळ्यात ओली लाकडं, शेणी. तो धूर तिने रोज सकाळ-संध्याकाळ गिळला. पुढे गॅस आला, पण फुफ्फुसांचं जे व्हायचं ते झालं होतं. साठीत तिला धाप लागायला लागली. एका डॉक्टरांनी नळीत जोरात फुंकायला लावून तपासणी केली, म्हणजे स्पायरोमेट्री, आणि सांगितलं, सीओपीडी आहे. श्वासनळ्या कायमच्या अरुंद झाल्यात. इनहेलर सुरू झाला.

सीओपीडी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सिगारेट ओढणारा माणूस येतो. आपल्याकडे तो समज अर्धवटच खरा आहे. चुलीचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ, लहानपणी वारंवार झालेला छातीचा संसर्ग, शहरातली हवा, यातूनही सीओपीडी होतो. २०१६ सालच्या आकडेवारीवर आधारलेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात तेव्हा साडेपाच कोटींच्या आसपास लोकांना सीओपीडी होता. साडेपाच कोटी! म्हणजे तुमच्या कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये कुणाची ना कुणाची आजी, काका, मावशी यात असणारच.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. आजीची धाप वाढली. हिवाळ्यात तिची धाप वाढतेच, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे वाफ दिली, स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, इनहेलरचा डोस वाढवला. आठ दिवस बरं वाटलं, परत तेच. जानेवारीत पुन्हा वाफ, पुन्हा गोळ्या. फेब्रुवारीत पुन्हा.

मी पुण्यातून व्हिडिओ कॉल करायचो. एकदा रात्री साडेदहाला कॉल केला, तर आजी पलंगावर भिंतीला टेकून बसलेली. म्हटलं, "आजी, झोपली नाहीस अजून?" तर म्हणाली, "आरं बाळा, आडवं झालं की जीव घाबरतोय. बसूनच डोळा लागतोय बघ." मी काय म्हणालो असेन? "दमा आहे ना तुला, इनहेलर घेतलास का?" ती म्हणाली, "व्हय, दमा हाय, दम लागणारच." आणि आम्ही दोघंही दुसऱ्या विषयावर गेलो.

हीच ती चूक. तिच्या अंगावर एक लेबल लागलेलं होतं, "दमा". आणि एकदा लेबल लागलं की पुढचा प्रत्येक त्रास आपण त्याच खात्यात टाकतो. आमच्या कामात याची गंमत असते. सर्व्हर स्लो झाला की सगळे म्हणतात, "तो डेटाबेस जुना आहे, त्याचंच काहीतरी असणार." मागच्या दहा वेळा डेटाबेसच निघालेला असतो. अकराव्या वेळी डिस्क भरलेली असते, आणि आपण दोन दिवस डेटाबेसच तपासत बसतो. फरक एवढाच, की सर्व्हर रीस्टार्ट करता येतो.

मार्चमध्ये पप्पा तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी पण सुट्टी टाकून गेलो होतो. त्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी तीन प्रश्न विचारले. "आजी, रात्री उशाला किती उशा घेता?" "रात्री मध्येच घाबरून, गुदमरून जाग येते का?" "चपला घट्ट व्हायला लागल्यात का?" आजी म्हणाली, उशा तीन, जाग रोज, आणि चप्पल तर दिवाळीपासून होत नाही. डॉक्टरांनी तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

तीन महिने आम्ही सगळे तिच्या छातीकडे बघत होतो. पायाकडे कुणी बघितलंच नव्हतं. मीही नाही.

डॉक्टर म्हणाले, "फुफ्फुसं खराब आहेत हे खरंच आहे. पण मला हृदयाची शंका येतेय. ईसीजी काढू, इको करू, आणि आज एक रक्त पाठवू." त्या रक्ततपासणीचं नाव एनटी-प्रोबीएनपी. आम्ही सव्वादोन हजार रुपये भरले. संध्याकाळी मोबाईलवर पीडीएफ आली. आकडा होता ४१००. शेजारी ठळक अक्षरात लिहिलेलं, नॉर्मल १२५ च्या आत.

४१०० कुठे आणि १२५ कुठे! माझे हात थंड पडले. मी इंजिनिअर, त्यामुळे अर्थातच रात्रभर इंटरनेटवर वाचत बसलो. त्यानंतरचे कितीतरी महिने वाचतच होतो. त्यातलं जे समजलं, ते आज तुम्हाला साध्या भाषेत सांगतो.

तर ही तपासणी नेमकं काय मोजते?

आपलं हृदय हा नुसता पंप नाहीये, ते रसायनंही बनवतं. १९८१ साली कॅनडात अडोल्फो डी बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. त्या उंदरांची लघवी आणि लघवीतून जाणारं मीठ, दोन्ही भरपूर वाढलं. म्हणजे हृदय मूत्रपिंडाला निरोप पाठवतं की पाणी काढ, माझ्यावर भार आलाय.

मग १९८८ साली जपानमधल्या संशोधकांना असाच एक रेणू डुकराच्या मेंदूत सापडला. मेंदूत सापडला म्हणून नाव पडलं ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, म्हणजे बीएनपी. नंतर कळलं की याचं मुख्य उत्पादन हृदयाच्या खालच्या कप्प्यांत होतं. पण नाव राहिलं ते राहिलंच. जुन्या कोडमधल्या चुकीच्या व्हेरिएबलच्या नावासारखं, आता बदलायला कुणी धजत नाही.

हृदयाचे कप्पे रक्ताच्या दाबाने ताणले गेले की तिथल्या पेशी एक लांब साखळी बनवतात. तिचे दोन तुकडे होतात. एक तुकडा बीएनपी, तो काम करतो. दुसरा एनटी-प्रोबीएनपी, तो काही काम करत नाही, पण रक्तात जास्त वेळ टिकतो. बीएनपी साधारण वीस मिनिटांत निम्मा होतो, दुसऱ्याला एक ते दोन तास लागतात. त्यामुळे दोन्ही मोजता येतात, पण त्यांचे आकडे वेगळे असतात. एकाचा आकडा दुसऱ्याच्या मापाने वाचायचा नाही. हे लक्षात ठेवा, कारण व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट फिरताना हा घोळ हमखास होतो.

आम्हा कराडकरांना हे समजायला सोपं आहे. कोयना धरण आम्हाला घरातून दिसत नाही. पण वर पाऊस झाला, धरणाचे दरवाजे उचलले, की कराडच्या पुलाखालचं पाणी चढतं. पाणी बघून कळतं, वर भार वाढलाय. ही रक्ततपासणी म्हणजे पुलाखालचं पाणी मोजणं. हृदय उघडून बघायची गरज नाही, एका नळीभर रक्तातून कळतं की कप्पे ताणलेत की नाही.

पण कराडला प्रीतिसंगम आहे. तिथे कोयना येऊन कृष्णेला मिळते. संगमाच्या खाली पाणी चढलं, तर ते कोयनेचं की कृष्णेचं, हे नुसतं पाणी बघून सांगता येत नाही. या तपासणीचंही तसंच आहे. आकडा सांगतो की भार आलाय. कशामुळे, ते सांगत नाही.

आणि सीओपीडीच्या माणसात हाच मोठा गुंता आहे. फुफ्फुसं खराब झाली, ऑक्सिजन कमी पडला, की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात. मग उजव्या बाजूच्या हृदयाला जास्त जोर लावून रक्त ढकलावं लागतं. उजवी बाजू ताणली जाते, आकडा वाढतो. दुसरीकडे, वाढतं वय, ब्लडप्रेशर, धूर, शरीरातली कायमची सूज, यामुळे हृदयाची डावी बाजूही थकलेली असू शकते. तिथूनही आकडा वाढतो. शिवाय मूत्रपिंडं कमजोर असतील, हृदयाचे ठोके अनियमित असतील, फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकली असेल, वय जास्त असेल, तरी आकडा वर जातो. आणि माणूस लठ्ठ असेल तर उलट, आकडा अपेक्षेपेक्षा कमी येतो.

मग तुम्ही म्हणाल, एवढ्या गोष्टींनी हलणारा आकडा काय कामाचा?

कामाचा आहे, आणि तो कसा, हेच मला आज सांगायचंय. ही तपासणी "नाही" म्हणते तेव्हा तिच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. "हो" म्हणते तेव्हा ती फक्त पुढचं दार दाखवते.

अचानक धाप लागून इस्पितळात आलेल्या माणसाचा एनटी-प्रोबीएनपी ३०० च्या खाली असेल, तर हृदय कमजोर पडल्यामुळे ही धाप लागल्याची शक्यता खूप कमी होते. डॉक्टर दुसरीकडे बघू शकतात. वरच्या बाजूला मात्र वयाप्रमाणे रेषा बदलते. पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंच्याहत्तर ९००, आणि पंच्याहत्तरच्या पुढे १८००. त्याच्यावर आकडा गेला तर हृदयाचा संशय बळावतो. आणि १२५ ची जी रेषा आमच्या रिपोर्टवर होती, ती सावकाश त्रास वाढत असलेल्या, ओपीडीत चालत आलेल्या माणसासाठी वापरतात. तिच्या खाली असाल तर बहुतेक निश्चिंत, वर असाल तर इको करा, एवढाच तिचा अर्थ. एकाहत्तर वर्षांच्या बाईचा आकडा १२५ च्या थोडा वर असणं ही काही आभाळ कोसळण्याची गोष्ट नाही. अर्थात आजीचा ४१०० थोडा वर नव्हता.

जे कोडिंग करतात त्यांना हे लगेच कळेल. अलर्टची मर्यादा खाली ठेवली, तर खरा प्रॉब्लेम सहसा निसटत नाही, पण रात्री तीनला खोटे अलर्ट येतात. वर ठेवली तर झोप लागते, पण एखाद दिवशी सिस्टीम पडते. म्हणून इथे दोन रेषा आहेत, एक खालची आणि एक वरची. मधला जो पट्टा उरतो, तिथे मशीन गप्प बसतं आणि डॉक्टरांचं डोकं कामाला येतं.

आता जरा पुरावे. मला नुसत्या गोष्टी सांगून थांबायचं नाहीये.

२००२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नाव मजेशीर आहे, ब्रीदिंग नॉट प्रॉपर्ली. आद्याक्षरं बघा, बीएनपी! धाप लागून इमर्जन्सीत आलेले १५८६ रुग्ण. सगळ्यांचा बीएनपी मोजला. नंतर हृदयरोगतज्ज्ञांनी सगळी कागदपत्रं बघून ठरवलं की कुणाची धाप हृदयामुळे होती. १०० ही रेषा धरली, तर एकट्या या आकड्याने शंभरातल्या साधारण ८३ जणांचं उत्तर बरोबर दिलं.

पण माझ्या काळजात घुसला तो याच अभ्यासातला दुसरा भाग, पुढच्या वर्षी, २००३ साली आलेला. त्यात फक्त अशा लोकांकडे बघितलं, ज्यांना आधीपासून दमा किंवा सीओपीडी होता आणि हृदयाचा त्रास कधी सांगितलेला नव्हता. थोडक्यात, माझ्या आजीसारखे. असे ४१७ जण. त्यातल्या ८७ जणांना हार्ट फेल्युअर निघालं. म्हणजे दर पाचात एक! आणि इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी सुरुवातीच्या तपासणीत त्यातल्या शंभरातले फक्त ३७ ओळखले होते. बीएनपीची १०० ची रेषा वापरली असती, तर शंभरातले ९३ पकडले गेले असते.

हे डॉक्टर काही अडाणी नव्हते. त्यांच्याही डोळ्यांसमोर तेच लेबल होतं, जे माझ्या डोळ्यांसमोर होतं.

इमर्जन्सी सोडा. नेदरलँड्समध्ये २००५ साली आलेल्या अभ्यासात ६५ वर्षांवरचे ४०५ लोक घेतले. घरी राहणारे, तब्येत स्थिर असलेले, फॅमिली डॉक्टरांकडे सीओपीडी म्हणून नोंद असलेले. तपासल्यावर ८३ जणांना माहीत नसलेलं हार्ट फेल्युअर निघालं. पुन्हा पाचात एक. आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांचं हृदय आकुंचन पावायला ठीक होतं, पण रक्त भरून घेताना ताठ झालेलं होतं. हा प्रकार वरवर बघून कळतच नाही.

हार्ट फेल्युअर हा शब्द ऐकून घाबरू नका. हृदय बंद पडणं असा त्याचा अर्थ नाही. हृदय शरीराच्या गरजेइतकं काम नीट करू शकत नाहीये, मागे पाणी साचतंय, एवढा त्याचा अर्थ. धाप, थकवा, पायाला सूज, ही त्याची लक्षणं. आणि धाप, थकवा ही सीओपीडीचीही लक्षणं. दोघं जुळ्या भावांसारखे एकाच कपड्यात फिरतात. त्यात सीओपीडीत फुफ्फुसं हवेने फुगलेली असतात, त्यामुळे इको करताना चित्र नीट दिसत नाही, आणि एक्स-रेमध्ये वाढलेलं हृदयही लहान भासू शकतं. म्हणून रक्तातला पुरावा इथे जास्त मोलाचा ठरतो.

एक दुसरी तपासणीही ऐकली असेल, ट्रोपोनिन. ती वेगळा प्रश्न विचारते. बीएनपी विचारतो, "हृदय ताणलंय का?" ट्रोपोनिन विचारतो, "हृदयाच्या स्नायूला इजा होतेय का?" हार्ट अटॅकच्या संशयात तीच करतात. सीओपीडी अचानक बळावतो तेव्हा हिचं महत्त्व वाढतं. २०१० च्या एका अभ्यासात दिसलं की सीओपीडी बळावल्यानंतर पहिल्या एक ते पाच दिवसांत हार्ट अटॅकचा धोका नेहमीपेक्षा दुपटीहून जास्त असतो. आणि न्यूझीलंडमध्ये २०११ साली, सीओपीडी बळावून दाखल झालेल्या २५० रुग्णांमध्ये दोन्ही तपासण्या करून बघितल्या. ज्यांचे दोन्ही आकडे वाढलेले होते, त्यांचा तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याचं प्रमाण, दोन्ही नॉर्मल असलेल्यांच्या तुलनेत सुमारे पंधरा पट होतं. म्हणजे "दम्याचा अटॅक आलाय" एवढं म्हणून थांबणं किती महागात पडू शकतं, बघा. अर्थात ट्रोपोनिन वाढलं म्हणजे लगेच हार्ट अटॅकच, असंही नाही. ऑक्सिजन कमी पडला, संसर्ग झाला, मूत्रपिंड कमजोर असलं, तरी ते वाढतं. म्हणून काही तासांच्या अंतराने पुन्हा मोजून आकडा चढतोय का ते बघतात, सोबत ईसीजी बघतात.

आणि सीआरपी? तो सांगतो की शरीरात कुठेतरी आग लागलीय. कुठे, ते सांगत नाही. हृदयासाठी त्याच्यावर विसंबून चालत नाही. त्यामुळे "फुल बॉडी पॅकेज"मध्ये चाळीस तपासण्या केल्या म्हणजे हृदय तपासलं, असं नका समजू. योग्य प्रश्नाला योग्य तपासणी लागते.

परत आजीकडे येऊ.

दुसऱ्या दिवशी इको झाला. हृदयाचा डावा खालचा कप्पा प्रत्येक ठोक्याला आत भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो, तो आकडा ३५ आला. निरोगी माणसात तो पन्नासच्या वर असतो. निदान पक्कं झालं. तिला दोन आजार होते, आणि तीन महिने आम्ही एकाच आजाराचं औषध देत होतो. वर ज्या स्टेरॉइडच्या गोळ्या पुन्हा पुन्हा दिल्या, त्यांनी शरीरात मीठ-पाणी साठतं. म्हणजे पाण्याने भरलेल्या होडीत आम्ही अजून तांब्या तांब्या पाणी ओतत होतो.

लघवी वाढवणारं औषध सुरू झालं. चार दिवसांत सूज उतरली. सहाव्या दिवशी आजी एका उशीवर आडवी झोपली. सकाळी सात वाजेपर्यंत! पप्पा दोनदा जाऊन श्वास चालू आहे ना ते बघून आले. उठल्यावर म्हणाली, "लई दिसांनी झोपले रे." बस, एवढंच.

हृदयाची बाकीची औषधंही सुरू झाली. त्यातल्या एकावर, बीटा ब्लॉकरवर, मी डॉक्टरांशी वाद घातला. मी वाचलं होतं की दम्यात बीटा ब्लॉकर देत नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं. जुन्या प्रकारची औषधं श्वासनळ्या आवळायची, ही भीती खरी. पण मुख्यतः हृदयावरच काम करणारी जी आहेत, ती हृदयाला गरज असेल तर सीओपीडीच्या रुग्णाला लक्ष ठेवून देतात, आणि भीतीपोटी न दिल्याने नुकसान होतं. मात्र हृदयाला गरज नसताना, नुसत्या सीओपीडीसाठी ती द्यायची नाहीत. २०१९ साली अशाच एका चाचणीत फायदा दिसला नाही, उलट गंभीर त्रास होऊन दाखल होणारे वाढले. मला ते पटलं. म्हणजे हृदयाचं निदान आहे की नाही, यावर औषध ठरतं. म्हणून निदान महत्त्वाचं.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त पाठवलं. आकडा ११५०. डॉक्टर म्हणाले, "हा जपून ठेवा. आजींचा हा आपला स्वतःचा नॉर्मल समजायचा." मी फोनमध्ये नोट करून ठेवला. आम्ही त्याला बेसलाइन म्हणतो.

इथे गोष्ट संपली असती तर मी हिरो झालो असतो. पण अजून एक बाकी आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पप्पांचा फोन आला. आजीला परत धाप लागलीय. मी लगेच म्हणालो, "हृदयाचंच आहे. लघवीची गोळी वाढवायला सांगा." फोनवर! शंभर किलोमीटरपेक्षा जास्त लांब बसून! पप्पा म्हणाले, "तू कोड लिही, मी डॉक्टरांकडे नेतो."

डॉक्टरांनी रक्त पाठवलं. एनटी-प्रोबीएनपी १२४०. तिच्या नेहमीच्या आकड्याच्या जवळच. पायाला सूज नाही, वजन वाढलेलं नाही. ताप मात्र होता. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसात खाली न्यूमोनिया. यावेळी दुखणं फुफ्फुसाचंच होतं. मी सांगितलेली गोळी वाढवली असती, तर तापात आधीच सुकलेल्या बाईचं पाणी अजून काढलं असतं, आणि मूत्रपिंडांवर बेतलं असतं. पाच दिवस दाखल होती, अँटिबायोटिक दिलं, बरी होऊन घरी आली.

बघा म्हणजे, मी शिकलो काय? "दमा" हे लेबल काढलं आणि त्या जागी "हृदय" हे लेबल चिकटवलं. चूक तीच होती. आणि दोन्ही वेळा त्याच रक्ततपासणीने वाट दाखवली. एकदा "हो, इकडे बघा" म्हणून. दुसऱ्यांदा "नाही, इकडे नवीन काही नाही" म्हणून. १२४० हा आकडा एखाद्या अनोळखी डॉक्टरांनी रात्री इमर्जन्सीत बघितला असता, तर त्यांना तो हृदयाचाच वाटला असता, कारण ९०० च्या वर आहे. तो हृदयाचा नाही हे कळलं, कारण आमच्याकडे जुना ११५० लिहिलेला होता.

तर आता तुमच्यासाठी काम. अवघड काही नाही.

एक. आज घरी फोन कराल तेव्हा, ज्यांना जुना दमा किंवा सीओपीडी आहे त्यांना ते तीन प्रश्न विचारा. उशा किती लागतात? रात्री गुदमरून जाग येते का? पाय, चपला? त्यात चौथा घाला, गेल्या आठवड्याभरात वजन पटकन वाढलंय का? उत्तरं विचित्र वाटली तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा आणि नम्रपणे विचारा, "हृदयाकडेही एकदा बघायचं का? ईसीजी, इको, बीएनपी यांची गरज आहे का?" विचारण्यात काही चूक नाही. चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

दोन. परस्पर लॅबमध्ये जाऊन तपासणी करून घेऊ नका. समोर माणूस नसेल तर नुसता आकडा घाबरवतो, नाहीतर खोटा धीर देतो. लठ्ठ माणसाचा कमी आकडा आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्याचा जास्त आकडा, दोन्ही फसवतात.

तीन. तपासणी झालीच तर रिपोर्ट जपून ठेवा. तारीख, आकडा, कुठली तपासणी, बीएनपी की एनटी-प्रोबीएनपी, आणि त्या दिवशी तब्येत कशी होती, एवढं एका नोटमध्ये. आणि ती नोट घरातल्या दोघांच्या फोनमध्ये हवी. आपण लांब असतो, रात्री इस्पितळात धावणारे आई-पप्पा असतात.

चार. छातीत दुखतंय, ओठ निळसर पडलेत, बोलताना वाक्य पुरं होत नाहीये, माणूस गुंगीत जातोय, तर प्रश्न विचारत बसायचं नाही आणि रक्त तपासायचा विचार करायचा नाही. १०८ ला फोन करा, इस्पितळात न्या.

आजी आता ७४ ची आहे. धाप अजून आहे. राहणारच. चाळीस वर्षांचा धूर कुठली तपासणी धुऊन काढणार? दोन पायऱ्या चढली की थांबते. पण रात्री झोपते. परवा कॉल केला तेव्हा साडेदहाला फोन पप्पांनी उचलला. म्हटलं, आजी कुठाय? म्हणाले, "घोरतेय."

हा भाग तिला ऐकवणार आहे. ती म्हणेल, "माझ्या पायाची गोष्ट जगाला कशाला सांगितलीस रं?" तर आजी, म्हणून सांगितली, की कुणीतरी आज रात्री आपल्या आजीच्या पायाकडे बघेल.

आजच्या भागात इतकंच. तुमच्या घरचा असा काही अनुभव असेल तर नक्की कळवा. काळजी घ्या, घरच्यांची पण घ्या. भेटूया पुढच्या भागात!